चार फुटी टाकी

आत्याच्या दोन फुटी टाकीत सिक्लिड जातीचे नऊ मासे होते. महिन्याभरात त्यातले चार मेले. एक दांडगा पिवळा नर सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा आणि बाकीचे फिल्टरमागे अंग चोरून बसायचे.

माशांचा दुकानदार म्हणाला, "ताई, मेलेल्यांच्या जागी नवे सोडा."

"नवे काय मार खायला आणू? टाकी केवढी हवी ते बोला."

"निदान चार फुटी, दोनशे लिटरच्या पुढची. आणि एका नरामागे कमीत कमी तीन-चार माद्या. पण ठेवाल कुठे?"

आत्या शिवणकाम करायची. गळ्यातल्या टेपने तिने घर मोजून काढलं. चार फूट भिंत एकाच ठिकाणी निघत होती, आणि तिथे आतोबांचा लाडका सोफा होता.

"मग मी बसू कुठे?" आतोबा कडाडले.

"खुर्चीत. तुम्ही कंटाळलात तर बाहेर फिरून याल. त्यांनी कुठे जायचं?"

आतोबा दोन दिवस हट्टाने सोफ्यावरच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सोफ्याचं एक टोक त्यांनीच उचललं.

नव्या टाकीत आत्याने दगडांच्या कपारी रचल्या. पिवळा नर ठेवला, जादा नर दुकानात परत दिले आणि माद्या आणल्या. एकूण आठ मासे झाले. दुकानदाराने एक निळा मासा फुकट देऊ केला.

"आठ म्हणजे आठ," आत्या म्हणाली.

संध्याकाळी नर एका मादीमागे धावला. ती कपारीत शिरली, पलीकडून बाहेर पडली आणि निवांत खायला लागली.