अर्धा कोयता

गच्चीवरच्या तारेवर चार सुती पट्टे. सकाळीच धुतलेले, अजून ओले.

फाटकाजवळ लिंबाखाली एक बाई. मांडीवर भाकरीचं फडकं, कनवटीला नारायणगडाच्या अंगाऱ्याची पुडी. परवापासून तिथंच.

एक लोखंडी स्टूल, रंग उडालेलं.

रजिस्टरात सुवाच्य अक्षरात: 'रुग्णास सुरक्षित केले.'

त्यावर लाल शाईची रेघ.

रेघ इनचार्ज सिस्टर जानकीबाईंची, अक्षर नव्या नर्सचं, रोहिणीचं. मनोरुग्णांच्या या पुरुष वॉर्डात जानकीबाईंची बावीस वर्षं गेली होती, रोहिणीचे तीन आठवडे. रेघेखाली बाईंनी एकच शब्द लिहिला होता. 'बांधला.'

"बाई, आम्हाला असंच लिहायला शिकवलंय," रोहिणी म्हणाली.

"सुरक्षित दागिने ठेवत्येत. मानसाला बांधत्येत. बांधला असं लिहावं लागलं, म्हंजी पुढल्या बारीला हात जरा आखडतो आपला."

दुसरा नियम स्टुलाचा. ज्यानं बांधलं, त्यानंच पट्टे सुटेपर्यंत शेजारी बसायचं. मोबाइल नाही, चहा नाही. पाणी विचारायचं, बोटं गार पडलीत का बघायचं. वॉर्डबॉय तानाजीमामांची सदाची कुरकुर: "बाई, ही तर बांधनाऱ्यालाच शिक्षा झाली." त्यावर बाई म्हणायच्या, "मंग?"

परवा रोहिणी पंचावन्न मिनिटं बसली होती, सटवाच्या उशाशी. सटवा पस्तिशीतला ऊसतोड्या. कारखान्यावर उसाच्या फडातच त्याचं डोकं फिरलं, वाऱ्याशी भांडायला लागला, म्हणून भावकीनं कासऱ्यानं बांधून जीपमधून आणलेला. पट्ट्यांखाली त्याच्या मनगटावर कासऱ्याचे वळ आधीच उमटलेले होते. ते बघून झाल्यावर रोहिणीनं 'सुरक्षित' हा शब्द लिहिला होता, आणि लिहिताना तिला काहीच वाटलं नव्हतं. रेघ बघून मात्र वाटलं.

आज दहाच्या सुमाराला सटवानं नाश्त्याचं ताट भिरकावलं. ते तानाजीमामांच्या कपाळावर बसलं. सटवा खाटेवर उभा राहून ओरडायला लागला, "माजा कोयता द्या. अर्धा कोयता कुटं नेला बे?"

रोहिणी बीड शहरातली, कापडदुकानदाराची लेक. तिच्या डोळ्यांपुढं पातं चमकलं. तिनं डॉक्टरांना फोन लावला, "सर, सटवा हत्यार मागतोय." डॉक्टर म्हणाले, "गरज वाटली तर बांधा, मी निघालोच." ती गच्चीवर पळाली आणि ओलेच पट्टे घेऊन आली.

जानकीबाई दारात उभ्या होत्या. "ते म्हागं ठेव. त्याला दिसू देऊ नको. मामा, बाकीच्यांला व्हरांड्यात न्या."

मग त्यांनी स्टूल उचललं, खाटेपासून चार पावलांवर ठेवलं आणि बसल्या. कुणाला बांधलेलं नसताना त्या स्टुलावर बसलेलं माणूस रोहिणी पहिल्यांदाच बघत होती. पदर सारखा करून, देवळाच्या पायरीवर बसावं तशा त्या बसल्या होत्या.

"कोयता द्या," सटवा म्हणाला.

"आख्खा का अर्धा?"

सटवा थबकला. एवढ्या दोन दिवसांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"अर्धा. अर्धा मी हितं हाय की."

"नाव काय अर्ध्याचं?"

"वत्सला."

जानकीबाई मान न वळवता रोहिणीला म्हणाल्या, "नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादम तसंच मोजतो. मी पाचटाच्या कोपीत जन्मले ना कारखान्यावर, माजे मायबाप एक कोयता हुते. त्यो बायकू मागतोय, पोरी. जा, लिंबाखाली बसलीय ती."

रोहिणी गेली.

तानाजीमामा दारात कपाळाला ओला रुमाल लावून उभे होते. "सरळ बायकू म्हनायला काय झालतं बे? माजं कपाळ वाचलं असतं."

"लई लागलं का?" सटवानं विचारलं, आणि खाटेवरून खाली उतरला.

वत्सलाबाई आली. रडली नाही. अंगारा लावला, भाकरी मोडली, पहिला घास त्याला दिला आणि म्हणाली, "ताट फेकायला शिकलात व्हय? घरी तर कदी उचलून ठिवलं न्हाई." सटवानं तिच्या हातून गोळीही घेतली.

रोहिणीनं पट्टे परत तारेवर घातले. खाली आल्यावर विचारलं, "बाई, त्यानं ऐकलं नसतं तर?"

"तर बांधला असता. मीच. अन् बसले असते. मागल्या साली सात जनांला बांधलं मी. सातीजनांची नावं सांगते तुला. कदी बांधावंच लागतं. पन त्याच्या आधी त्याला काय पायजे ते इचारलं का, एवढं आपलं आपल्याला इचारायचं."

सात माणसं अशी नावानिशी जवळ बाळगणारी बाई रोहिणीनं आजवर पाहिली नव्हती. तिनं रजिस्टर ओढलं. आजच्या तारखेखाली लिहिलं: 'बांधला नाही. बायको मागत होता.'

जानकीबाईंनी वाचलं. लाल पेन एप्रनच्या खिशातच राहिलं.

परवा दुपारी दोन वाजता, "हा पुरुषांचा वॉर्ड आहे," असं सांगून वत्सलाबाईला दारातून परत पाठवलं होतं, ते रोहिणीनं.