आठवीच्या वर्गातली उभी सून

गावात आठवीचा वर्ग मंजूर व्हायला एक डोकं कमी पडत होतं. शाळा समितीचे अध्यक्ष नारायणराव त्या एका डोक्यासाठी घरोघर भाषणं देत हिंडले. "पोरी शिकवा रे. निजाम गेला, महाराष्ट्र आला, अन् आपली पोरं अजून आठवीला बेंबळी गावापर्यंत रस्ता तुडवत जातात." लोक माना डोलवायचे आणि पोरींना खुरपायला धाडायचे.

शेवटी मुख्याध्यापक मकबूल मास्तरांनी त्यांना त्यांच्याच ओसरीवर गाठलं. "मालक, दूर कशाला जाता? तुमची सूनबाई तुळजापुरात सातवी पास झालेली हाय."

"अहो, ती लेकुरवाळी."

"लेकुरवाळीनं आठवीत बसू नये असा कायदा न्हाय. तपासणीला साहेब येतील तो एक दिवस बसू द्या. मग हायच की भाकऱ्या थापायला."

दाराआड वनमाला तान्ह्या चंदाला पाजत होती. तिनं सगळं ऐकलं. शेवटचं वाक्य तेवढं ऐकलंच नाही, असं मनाशी ठरवलं. सातवीचा निकाल आणि लग्नाची हळद एकाच उन्हाळ्यात आली होती. नवरा अंबादास उस्मानाबादेला कारकून, आठवड्यानं यायचा. तिची पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांखाली झोपलेली. कधी चंदा झोपली की ती त्यांना जागं करायची, आणि पाळण्याची दोरी पायानं ओढत वाचायची.

तपासणीच्या दिवशी सासू गिरिजाबाईंनी चंदाला कडेवर घेतलं आणि बजावलं, "एक दिस म्हणून ऐकते. दप्तर घेतलेली सून बघायला अख्खं गाव गोळा व्हईल."

वर्गात साहेबांच्या शेजारी अध्यक्षांची खुर्ची मांडली होती. नारायणराव आत आले तशी वनमाला उठली. साहेबांनी "बसा" म्हटलं, पोरं बसली. वनमाला पदर पुढं ओढून भिंतीशी उभीच. त्यांच्या घरात सून सासऱ्यापुढं बसत नसे. मकबूल मास्तर खोकले, पुन्हा खोकले. उपयोग झाला नाही.

साहेब पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "तुमची तेरणा कोणत्या नदीला मिळते?" पोरांनी छताकडं पाहिलं. "या एकटीला येतंय बघा, केव्हाची उभी आहे. सांग, बाळ."

सासऱ्यापुढं वनमाला कधी पुरं वाक्य बोलली नव्हती. जेवायला वाढलंय, हेसुद्धा ती दाराच्या चौकटीला सांगायची. आता तिनं भिंतीवरच्या नकाशाला सांगितलं, "मांजरेला."

"आणि मांजरा?"

"गोदावरीला." मग कुणी न विचारताच, "अन् गोदावरी समुद्राला."

सुनेचा आवाज एवढा खणखणीत आहे, हे नारायणरावांना त्या दिवशी कळलं.

"वर्ग मंजूर," साहेब म्हणाले. "पण ही मुलगी मला पुढच्या वेळीही इथं दिसली पाहिजे. केव्हा येईन ते मात्र सांगणार नाही."

"झालं न्हवं तुमचं काम?" रात्री गिरिजाबाईंनी विचारलं.

"कुठलं झालं? तो साहेब कधीबी उगवंल. तिला रोज धाडावं लागतंय."

"धाडा की. तुमची आठवी, तुमची नात. माझ्या कडेला आता कळ लागलीय."

वनमाला रोज जाऊ लागली. पण एक जरी डोकं गळालं तर वर्ग जाईल, या धास्तीनं नारायणरावही रोज वर्गात खुर्ची टाकून बसू लागले. म्हणजे वनमाला रोज उभी. पाय सुजले, बीजगणित काही उमजेना. अखेर तिनं मास्तरांपुढं वही बंद केली. "उद्यापासून येत न्हाय, मास्तर."

मकबूल मास्तर तडक अध्यक्षांकडं गेले. "मालक, तुमी आत बसता तवर ती बसत न्हाय. उभ्यानं गणित कसं करंल? अन् ती गेली की वर्गबी गेला. खुर्ची बाहेर लिंबाखाली घेऊ या."

"अध्यक्षानं बाहेर बसायचं?"

"आल्यागेल्यावर नजर राहते."

दुसऱ्या दिवशी खुर्ची लिंबाखाली गेली. थोड्या वेळानं गिरिजाबाई आल्या, चंदाला नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि माघारी फिरल्या. आत वनमाला जमिनीवर मांडी घालून बसली.

चंदा रडली की नारायणराव खाकरायचे आणि दुसरीकडं तोंड करायचे. वनमाला यायची, लेकराला पाजायची, पदरानं तोंड पुसून परत त्यांच्या मांडीवर द्यायची.

पोरी शिकवा, हे भाषण मात्र तेव्हापासून बंद झालं. मांडीवर पोर असलं की हातवारे करता येत नाहीत.