तिसरा कोंड

"तिसऱ्या कोंडाच्या वर गोठण हाय. गुरं घेऊन आमी थितंच मुक्काम करायचो," एवढं सांगून गोमाजी पुन्हा पान जुळवायला लागले. सासरे कमी बोलणारे आणि सून जास्त विचारायला लाजणारी, तिथेच घोटाळा झाला.

शनिवारी सात जण तंबू घेऊन येणार होते. त्यांना रानात मुक्कामाची जागा दाखवायची, रांधून घालायचं, हे दर्शनाने मनावर घेतलं होतं. परवानगीचा कागदही तिनेच खेटे घालून मिळवला. नवऱ्याचं, मंगेशचं, म्हणणं सरळ होतं : आज संध्याकाळपर्यंत जागा सापडली तर गावात राहू, नाहीतर घराला कुलूप आणि विरारची खोली. तिला विरारला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

म्हणून दोघं सकाळपासून ओढ्याने वर चढत होती. महाडच्या पेठेत वाढलेल्या दर्शनाला कोंड म्हणजे पाण्याचा डोह, एवढंच ठाऊक. मंगेश लहानपणापासून काकाकडे मुंबईत, त्याचं ज्ञान त्याहून बेताचं. तिसऱ्या डोहाशी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. काठावर सपाट जागा, जांभळीची सावली, तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ पाणी.

मंगेशने पाठीवरचं ओझं खाली टाकलं. "सापडली. जिंकलीस तू. टाकू ताडपत्री."

नुसतं हो म्हटलं असतं तरी सगळं तिच्या मनासारखं झालं असतं. पण तिची नजर चिखलावर गेली होती. रानडुकरांचे खूर, गव्यांचे खूर, आणि पाण्याशी एक रुंद पंजा, ताजा.

"इथे नको," ती म्हणाली. "ही जनावरांची पाण्यावर यायची वाट आहे. गुरं घेऊन इथे कोण झोपेल?"

"मग बाबा खोटं बोलला काय?"

तिला सासूबाईंचं बोलणं आठवलं. लग्नात सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, 'आमच्या कोंडात सून आली.' सून काय पाण्यात आली, म्हणून तेव्हा तिला हसू आलं होतं. आता तिने कपाळावर हात मारला. इथे वाडीलाच कोंड म्हणतात. आपला कोंड पहिला, टेकाडावरचा दुसरा, आणि तिसरा डोंगराच्या खांद्यावरचा, माणसं मुंबईला गेल्यापासून ओसाड पडलेला.

"अजून चढ? नाय जमायचं," तिने हे सांगताच मंगेश म्हणाला.

"तुम्ही बसा. मी बघून येते." तिने ओझं स्वतःच्या पाठीवर घेतलं. मग तोही पुटपुटत निघाला.

वर घरांची जोती गवतात बुडाली होती. त्यांच्या मागे आंब्याखाली दगड रचलेल्या गडग्याने वेढलेलं सपाट मैदान, गुरं बसवायची तीच गोठण, कडेला झरा. आणि चुलीचे तीन दगड, आतून अजून काळे.

दर्शनाला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तिने त्याच दगडांत काटक्या रचून भात चढवला. मंगेश मात्र पाठ फिरवून गडग्यापलीकडे निघून गेला. रागावला असेल, तिला वाटलं. असू दे, आपण काही जागा सोडत नाही.

थोड्या वेळाने तो छातीशी मोठा दगड धरून आला आणि तिच्या चुलीशेजारी ठेवला.

"सात माणसं नि आपण दोघं. एका चुलीवर भागायचं नाय गो," म्हणाला, आणि दुसरा दगड आणायला गेला.