केझीची बुजवलेली खिडकी

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या किंग्ज लिन गावातली, नदीकाठची एक जुनी वास्तू आहे. लाल विटांची, तीन मजली, अंगानं अरुंद. दोन्ही शेजारी मला इतके चिकटून, की एकीकडे कोणी शिंकलं तर तिन्ही घरांना कळतं. माझ्या विटा याच गावच्या मातीच्या, चुन्यात बसवलेल्या. समोरून पाहिलंत तर डावीकडे जितक्या खिडक्या, उजवीकडे तितक्याच. फक्त दुसऱ्या मजल्यावरची एक आंधळी आहे. म्हणजे परवापर्यंत होती.

मला जोसाया थर्टल नावाच्या व्यापाऱ्यानं बांधलं. त्याची मुलगी केझी छातीच्या दुखण्यानं बेजार. त्या खिडकीत बसून ती शिवण करायची आणि भरतीबरोबर येणाऱ्या होड्या पाहायची. पुढं राजानं खिडक्यांवरचा कर वाढवला. गावातल्या शहाण्यांनी पटापट खिडक्या बुजवल्या. केझी आत्याकडे गेली असताना थर्टलनंही गवंडी बोलावला. बाहेरून विटा, आतून पट्ट्या ठोकून गिलावा. चौकट आणि काचा मधल्या मधे गाडल्या गेल्या. फळीवर केझीचं, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान राहिलं होतं, तेही.

केझी परत आली आणि भिंत चाचपत राहिली.

"बाबा, माझी खिडकी कुठं गेली?"

"वेडाबाई, उजेडालाही पैसे पडतात आता. मेणबत्ती लाव की!"

"मग माझं अंगुस्तान मिळेस्तोवर मी या खोलीतनं हलायची नाही."

तुमच्यात म्हणतात ना, वास्तू तथास्तु म्हणत असते? मी म्हणाले. पोरीचा हट्ट, म्हणून सहज म्हणाले. त्याच हिवाळ्यात केझी वारली. पण खोलीतून हलली मात्र नाही.

तेव्हापासून त्या भिंतीत टकटक होते. नखानं वाजवावं तशी, हळू. किती भाडेकरू आले आणि सामान न सोडताच गेले! माझ्या धुराड्यांची आणि कमानीची लोकांनी तारीफ केली, पण त्या खोलीत कोणी झोपलं नाही. माझ्याच पोटात एक पोर अडकलेली, आणि मला तिला सोडवता येत नव्हतं. फार लाज वाटायची मला.

मग डोरीन बुलिमोर आणि तिचा नवरा विल्फ राहायला आले. विल्फनं जन्मभर कोळंबीची होडी चालवली. अर्धांगाच्या झटक्यानं त्याची वाचा गेली, पाय गेले. जिन्याजवळची म्हणून नेमकी तीच खोली त्याला मिळाली. पलीकडे नदी, आणि मध्ये भिंत! तो बोटानं भिंतीवर टकटक करी. भिंतीतून उत्तर येई. डोरीन आधी घाबरली, मग म्हणाली, "निदान कोणीतरी बोलतंय तुझ्याशी."

बाहेरून बुजवलेली दिसणारी ती खिडकी उघडायला तिनं अर्ज केला. जुन्या वास्तू सांभाळणारे लार्टर साहेब पाहणीला आले.

"बाई, ही खिडकी नव्हतीच कधी. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून नुसता कोनाडा ठेवलाय. या रस्त्यावर असे पाच आहेत. मूळ रूपाला हात लावता येणार नाही."

"अहो साहेब, मूळ रूपाचं काय कौतुक सांगता! माझ्या माणसाचं मूळ रूप समुद्रावर होतं. त्याला मरायच्या आधी भरती बघू द्या की!"

"नियम आहे."

विल्फनं बोट उचललं. टक, टक. भिंतीनं उत्तर दिलं. साहेबांनी घाईघाईनं कागदावर 'खिडकी नव्हतीच' असं लिहिलं.

डोरीनचा संयम सुटला. "पडू दे ही भिंत एकदाची!"

मित्रांनो, सव्वादोनशे वर्षं मी या शब्दांची वाट पाहत होते. तथास्तु!

गिलावा धाडकन खाली आला. धूळ बसली तेव्हा समोर लाकडी चौकट होती, तिच्यात काचा, आणि फळीवर काळं पडलेलं, लहान मुलीच्या बोटाचं अंगुस्तान. लार्टर साहेबांनी कागदावरचं 'नव्हतीच' खोडलं.

विटा काढल्या त्या दुपारी भरती होती. विल्फ रडत रडत होड्या पाहत राहिला. डोरीननं अंगुस्तान घासूनपुसून फळीवर ठेवलं. सकाळी ते तिथं नव्हतं. तिनं शोधलंही नाही. टकटक त्या दिवसापासून थांबली.

मित्रांनो, जुन्या घरांची डागडुजी जरूर करा. पण भिंत घालण्याआधी तिथं कोण बसतं, ते विचारा. आणि घरात बोलताना जपून बोला. आम्हा वास्तूंना 'नको' म्हणता येत नाही. आम्हाला एकच शब्द येतो.