दंडावरची जागा

"चुडो उतरनार नाही, डाक्टरसाहेब. बाकी काय म्हनाचं ते म्हना," असं म्हणून देवसिंग बायकोच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

देवीडॉक्टर मारोतराव फुलसावंगीजवळच्या या तांड्यावर सकाळपासून लिंबाखाली पेटी मांडून बसले होते. गावोगाव फिरून लोकांना देवीची लस टोचण्यातच त्यांचा जन्म गेला होता. डॉक्टर ही पदवी गावांनी बहाल केलेली. सरकारदरबारी ते नुसते टोचणारे. पण कुणी डॉक्टर म्हटलं की नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे.

या खेपेचा हुकूम नवा होता. आजवर अंगावर जुना व्रण दिसला की त्या माणसाला सोडून द्यायची रीत होती. आता व्रण असो वा नसो, सगळ्यांना पुन्हा टोचायचं, कारण जुन्या लसीचा जोर ओसरतो. लसही आता कोरड्या भुकटीच्या रूपात येऊ लागली होती. तिची मागणी तान्ह्या पोरांपुरती न करता अख्ख्या वस्तीपुरती करायची. कुपी फोडली की त्याच दिवशी संपवायची, आणि एकट्यादुकट्यासाठी मुळीच फोडायची नाही. मारोतरावांनी तांड्यातलं माणूस न् माणूस धरून लस मागवली होती. पुरुष झाले, पोरं रडून झाली, आणि बायकांपाशी येऊन गाडं अडलं.

बंजारा सवाष्णीचे दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेले. हाच तिचा चुडा. नवरा गेला म्हणजेच तो उतरायचा. त्यामुळे इतकी वर्षं मारोतराव "लहानपणी टोचलं होतं ना?" एवढंच विचारत, घुंगटाआड मान हले, आणि ते पुढच्या झोपडीकडे वळत. खाली व्रण आहे की नाही, हे देवालाच ठाऊक.

पण देवसिंगच्या सुखीबाईला तसं सोडून चालणार नव्हतं. ती कालच माहेराहून परतली होती. तिथं तिच्या भावाला देवी आल्या होत्या आणि ही अंगावरचं पोर घेऊन त्याच्या उशाशी बसली होती. ते ऐकताच मारोतरावांनी बायकांत तिलाच आधी पुढे बोलावलं होतं.

"पायाले टोचा," तांड्याचे नाईक गुलाबसिंग म्हणाले.

"पायाची जखम धुळीनं पिकते, नाईक. अन् तुमच्या बाया वावरात गेल्याशिवाय राह्यतीन काय?" मारोतराव देवसिंगकडे वळले. "अरे, आज टोचलं तर बाई वाचन. चार-आठ दिवसांनं तू मले बलावशीन, तवा माह्या हातात काही नसन."

"मी जित्ता असताना तिचे हात उघडे करू काय?"

देवसिंगची आई भुरीबाई मागे नातवाला घेऊन बसली होती. ती जागेवरूनच बोलली. "देवसिंगा, चुडो काहून घालते बाई? नवरा हाये म्हनून. अन् नवरा तर हा उभा हाये. चुडो निघन तवा तूच तिचा दंड धर ना. मंग उघडा कुठं राह्यला तो?"

गुलाबसिंगांनी मिशीवरून हात फिरवला आणि हळूच मान डोलावली.

चारचौघांत बायकोचा दंड धरायचा म्हणजे देवसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वावरात बैल आवरणारा हा गडी, पण एकेक बांगडी सरकवायला त्याला कितीतरी वेळ लागला. चुडा निघाला तसा त्याने सुखीबाईचा दंड दोन्ही हातांनी वेढून धरला. मधे बोटभर फट ठेवली. मारोतरावांनी तिथं टोचलं. घुंगटाआडून सुखीबाईचं हसू ऐकू आलं.

मग काय, तांड्यातल्या सगळ्या नवऱ्यांची रांग लागली. नाईकसुद्धा आले, आपल्या म्हाताऱ्या बायकोचा दंड धरून ते सारा वेळ आभाळाकडे बघत राहिले.

पुढचा पंधरवडा मारोतराव तांड्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला सुखीबाईचं विचारत राहिले. ते पुन्हा तांड्यावर आले तेव्हा सुखीबाई दारात ज्वारी पाखडत होती. दंडावर खपली, अंगात ताप नाही. पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं. मारोतराव बाजेवर बसले. इतकं मोकळं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन चहा मागितला, वर आणखी एक कप मागितला.

चहा भुरीबाईने आणला. कप देताना तिचा पदर सरकून दंड दिसला.

"आजी, तुमची खपली कुठं हाये?"

"मले कोनं टोचलं? मी पोर सांभाळून राह्यलती."

मारोतरावांनी कप खाली ठेवला आणि पेटीतून कुपी काढली.

"एकलीसाठी फोडता? तुमीच तर नाही म्हनत होते."

"फोडतो."

"मी म्हातारी. कायले सरकारची लस नासता?"

मारोतरावांनी कुपी फोडली. भुरीबाईने हात पुढे केला. त्यात एकही बांगडी नव्हती. वर्षानुवर्षं चुड्याखाली राहिलेली दंडाची कातडी अजून फिकट आणि गुळगुळीत होती. मारोतराव ती पुसू लागले, तशी तिने वर तळवा ठेवला.

"इथं नका टोचू, डाक्टरसाहेब. ही जागा देवसिंगाच्या बापाची हाये."

मारोतरावांनी तिचा हात उलटा केला आणि कोपराखाली टोचलं.