बिनवायरीचं दुखणं

"मेलं परत तुटलं," सासूबाई पुटपुटल्या.

आम्ही एकाच सोफ्यावर बसलो होतो. मी धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होते आणि त्या गाडी चालवत होत्या. टीव्हीवरची त्यांची लाल गाडी वळण आल्यावरही नाकासमोर सुसाट गेली आणि भिंतीवर आदळली.

"तुझ्या त्या ब्लूटूथला सांग, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करू नये म्हणावं."

ब्लूटूथ म्हणजे माझ्या माहेरचा कोणीतरी उनाड भाऊ असावा, अशाच त्या बोलतात. आणि मीही त्याच्या वतीने माफी मागते.

अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा डावा हात लुळा पडला, तेव्हा व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. "मी काय मांजर आहे?" म्हणून सासूबाईंनी तो खिडकीतून भिरकावला. मग माझ्या लेकीने आपला गेमचा कंट्रोलर आजीच्या हातात ठेवला. उजव्या बोटाने वेग द्यायचा, डाव्या अंगठ्याने वळायचं. आजीला ते पटलं. हयातभर शिलाई मशीन चालवलेली बाई. उजव्या हाताने चाक आणि डाव्या हाताने कापड वळवायचं, एवढं तिला कोणी शिकवायला नको होतं.

आतल्या खोलीत त्यांचं मशीन झाकून ठेवलंय. त्याच्यावर तळमजल्यावरच्या शिक्षिकेचा निळा कोट आहे. अंग शिवून तयार, बाह्या नुसत्या टाचण्यांवर. सासूबाईंनी जाहीर केलं होतं, की ज्या दिवशी गाडी एक अख्खी फेरी न आदळता मारेल, त्या दिवशी बाह्या लागतील. दुसऱ्या कोणी त्या कोटाला हात लावायचा नाही. जिन्यात शिक्षिका भेटली की आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, "कनेक्शनचा जरा घोळ आहे, तेवढा निस्तरला की झालंच!" ती बिचारी मान डोलवायची. कोटाच्या बाह्यांना कनेक्शन कशाला लागतं, हे विचारायची तिची हिंमत नसावी.

आणि निस्तरणार कोण? अर्थात मी. या घरची मिस्त्री मीच. शिक्षण म्हणाल तर व्हिडिओ बघून झालेलं. मी दुरुस्त केलेला मिक्सर उत्तम चालतो, फक्त झाकणावर ओणवं पडून राहावं लागतं. त्यातून उरलेला स्क्रू फ्रीजवर ठेवलाय. येता-जाता तो माझ्याकडे बघतो.

सुरुवातीला दोष खरोखरच होता, हे माझ्या बाजूने सांगून ठेवते. खेळ मध्येच थांबायचा आणि 'कंट्रोलर जोडलेला नाही' अशी पाटी टीव्हीवर यायची. तेव्हा मी शोध लावला, की हा पठ्ठ्या पलीकडच्या खोलीतल्या लेकीच्या लॅपटॉपशी जोडला जातोय. बसायला आमच्या मांडीवर आणि जीव दुसरीकडे! मी लॅपटॉपमधून त्याचं नाव काढून टाकलं. कंट्रोलरच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, त्यातलं बटण सासूबाईंच्या सुईने दाबलं ("माझी चांगली सुई!" "आई, परत देते."), दिवा लुकलुकेपर्यंत दोन बटणं धरून ठेवली आणि नव्याने जोडणी केली. पाटी परत कधीही आली नाही.

शहाणी बाई इथेच थांबली असती. पण "तुटलं" काही थांबलं नाही, म्हणून मीही थांबले नाही. ज्याच्यावर खेळ चालतो तो डबा कपाटातून बाहेर काढला. त्याच्यापुढचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा हलवला. बॅटरी बदलली. वायफायचा राउटर अडथळा आणतो असं कळल्यावर तो उचलून मोरीच्या माळ्यावर नेऊन ठेवला. तेव्हापासून आमचे हे बातम्या वाचायला मोरीच्या दारात उभे राहतात. तक्रार मात्र एका शब्दाने करत नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"असेल गं काहीतरी," ते म्हणायचे.

"मम्मी, अजून एकदा अपडेट करून बघ ना," लेक म्हणायची.

"वायरच लावू या का सरळ?" मी विचारलं.

"वायर हरवली," लेक म्हणाली.

तर त्या दिवशी मोज्यांच्या जोड्या ठेवायला मी लेकीचा खण उघडला आणि तळाशी ती वायर. नीट गुंडाळून, रबर लावून ठेवलेली. ज्या पोरीचा मोजा मोज्याला सापडत नाही, तिने!

मी विजयी सेनापतीसारखी बाहेर आले. "सापडली! आता बघते तुमचा ब्लूटूथ कुठे जातो!"

लेकीचा चेहरा पडला. "मम्मी, राहू दे ना."

"का म्हणून राहू दे?"

मोरीच्या दारातून हे बाहेर आले. "अगं, आत्ताच कशाला…"

पण अंगात आलेल्या मिस्त्रीला कोण आवरणार? मी वायरचं एक टोक खेळाच्या डब्यात खुपसलं, दुसरं कंट्रोलरमध्ये. सासूबाईंनी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मापली, गिऱ्हाइकाने आणलेलं कापड मापावं तशी.

"आता तुटायला जागाच नाही म्हण," त्या म्हणाल्या.

"नाहीच!" मी म्हणाले.

शर्यत सुरू झाली. उजव्या बोटाने वेग घेतला, गाडी झेपावली. पहिलं वळण आलं. मी पहिल्यांदाच टीव्हीकडे न बघता त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते, मानेची शीर ताठली होती, खांदासुद्धा डावीकडे झुकला होता. सगळी बाई वळली. अंगठा तेवढा जागचा हलला नाही.

गाडी भिंतीवर.

"वायर सैल असेल," लेक घाईघाईने म्हणाली.

"हल्ली लाइटचाही भरवसा नाही," हे म्हणाले.

आणि मी? मी गुडघ्यांवर बसून वायर आणखी आत दाबली. वर म्हणालेसुद्धा, "दुसरी आणते. जरा जाड."

सासूबाईंनी उजव्या हाताने आपला डावा हात कंट्रोलरवरून उचलला आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा मांडीवर ठेवला. मागे एकदा मी पडदा वाकडा शिवून खापर मशीनवर फोडलं होतं, तेव्हा त्यांनी मला एक म्हण ऐकवली होती. ती त्यांच्या ओठांवर आलेली मला दिसली.

"ऊठ गं, गुडघे दुखतील," त्या म्हणाल्या. "अंगण सरळ केलंस तू. पार सरळ केलंस. आता वाकडं म्हणायची सोय नाही." मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या, "त्या मास्तरीणबाईंना कोट देऊन टाक, बाह्या दुसरं कोणी लावेल. हा हात आता परत यायचा नाही."