न सोडलेलं गाठोडं

शहरात पटकीची साथ आली तेव्हा आरोग्यखात्याच्या साहेबाने धोब्यांच्या गल्लीत माणसं घुसवून अंथरुणं जाळली, आजाऱ्यांना उचलून शहराबाहेरच्या झोपड्यांत नेऊन टाकलं. टेकडीवरच्या बंगल्यांत मात्र साहेब चहा पिऊन परत यायचा.

"तिथं पटकी आत येऊ का म्हणून विचारत असेल," गल्लीतल्या दोघी जावांतली थोरली म्हणाली आणि कामाला लागली. तिच्यासारखं पांढरंशुभ्र धुणं गल्लीत कुणाचं निघत नसे. हे सगळ्यांना तीच सांगे.

त्या सकाळी वकिलाच्या बंगल्यावरची मोलकरीण गाठोडं घेऊन आली. गाठोडं ओलं होतं.

"चादरी कुणी खळबळल्या गं? तुमच्याकडे रुमालसुद्धा कुणी पाण्यातून काढत नाही."

मोलकरणीने मान खाली घातली. "कुणाला सांगू नका, मावशी. छोट्या मालकांना पटकी झालीय."

साहेबाला सांगून उपयोग नव्हता. धोबिणीच्या शब्दावर बंगल्याची झडती कोण घेणार?

आजाऱ्याचे कपडे हात न लावता उकळा, अशी दवंडी पिटली होती. पण गल्लीत ऐकतो कोण? डागाचं कापड आधी गार पाण्यात पायांनी तुडवायचं, मगच भट्टीला लावायचं. थेट उकळलं की डाग कायमचा बसतो आणि गिऱ्हाईक जातं. थोरलीने काठीने गाठोडं उचललं आणि न सोडताच उकळत्या हंड्यात ढकललं.

डाग बसलेच. चादरी बघून वकिलीणबाई लालबुंद झाल्या.

"हे काय करून ठेवलंस?"

"उकळल्या. आम्हालाही जीव आहे, बाईसाहेब."

"हळू बोल! यापुढे काम तुझ्या जावेला देईन."

धाकट्या जावेशी थोरली कित्येक वर्षांत एक शब्दही बोलली नव्हती. घरं भिंतीला भिंत लागून, पण तोंडं दोन दिशांना. आता आपण होऊन तिच्या दारात जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. ती घरात बसून राहिली. पण बंगल्याचं पुढचं गाठोडं धाकटीकडे आलं आणि पलीकडे बादल्या ओतल्याचा आवाज झाला, तशी ती उठलीच.

अंगणात धाकटीची सून लुगडं खोचून टाकीशी उभी होती.

"पाय घालू नकोस त्यात!"

"आज बरं तोंड उघडलं?" धाकटी म्हणाली. "काम गेलं म्हणून पोटात दुखतंय?"

"दुखतंय. दुखणारच. पण त्या घरात पटकी आहे. हे तसंच उकळ."

"म्हणजे डाग बसवून मीही गिऱ्हाईक घालवायचं? मोठी शहाणी!"

"माझं गेलंच ना? मी माझ्या सुनेला त्यात उतरवलं नाही. तुझी सून तुला जड झाली असेल तर उतरव."

धाकटीने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग सुनेला दंडाला धरून मागे ओढलं.

"काठी आण गं," ती सुनेला म्हणाली. "आणि लाकडं हिच्याकडची. आपली ओली आहेत."

"लाकडंसुद्धा धड ठेवता येत नाहीत," थोरली पुटपुटली आणि आणायला गेली.